त्यांचे सव्वापाच, आमचे पाच

समोर माणूस आला की ते आधी तळहात पुढे करायचे. नमस्कार नाही, हात मिळवणं नाही. उजवा तळहात उताणा, बोटं जरा वाकलेली, मान किंचित कलती. बडनेऱ्याहून भुसावळकडे जाणाऱ्या गाडीत तुम्ही कधी बसला असाल, तर तो हात तुम्ही पाहिलाही असेल. चौतीस वर्षं त्या हाताने तिकिटं तपासली होती. निवृत्तीनंतरही त्याची सवय गेली नाही. भाजीवाल्यापुढे, घरी आलेल्या पाहुण्यापुढे, एकदा तर लग्नात स्टेजवर नवरदेवापुढेही तो तसाच आला. समोरचा गोंधळला की ते म्हणायचे, "बसा. घाई कोनाले हाय?"

सगळे त्यांना टीसीसाहेब म्हणत. मीही तेच म्हणतो.

मी अकोल्याचा. एका छापखान्यात संगणकावर मजकूर जुळवतो. लग्नपत्रिका, शाळांचे अहवाल, दुकानांची पत्रकं. काही वर्षांपूर्वी मला दवाखान्यातून सोडलं, तेव्हा डॉक्टरांनी भावाच्या हातात एक चिठ्ठी दिली. तिच्यावर अमरावतीतल्या एका शाळेचा पत्ता होता. तिथे दर रविवारी बायपोलर असलेल्या लोकांचा गट जमतो, म्हणाले. हा आजार तुमच्या घरात नसेल तर थोडं सांगतो. काही महिने माणूस इतका वर असतो की झोप लागत नाही, बोलणं थांबत नाही आणि आपल्याला काहीही जमेल असं वाटतं. मग काही महिने इतका खाली असतो की दात घासायलाही उठवत नाही. मी तेव्हा वरही नव्हतो आणि खालीही नव्हतो. कुठेच नव्हतो. त्या दिवसातलं मला एवढंच आठवतं की वर्गाच्या दारात भाऊ चपला काढत होता आणि समोरून एक तळहात आला.

मी खिसे चाचपले. खरंच चाचपले.

"नाई भेटत?" ते म्हणाले. "राहू दे. इथं सारेच बिनतिकिटाचे हायेत. खिडकीपाशी बस."

मी खिडकीपाशी बसलो. पुढचे चार रविवार मी तिथेच बसलो आणि एक शब्दही बोललो नाही. कोणी बोलायला लावलं नाही.

त्यांना स्वतःला हा आजार अठ्ठाविसाव्या वर्षापासून होता. नव्या माणसाला धीर द्यायचा असला की ते एक गोष्ट सांगायचे. नोकरीतल्या सुरुवातीच्या काळात ते एकदा वर गेले आणि त्यांनी अख्ख्या डब्याला सांगून टाकलं, की ही गाडी आता चिखलदऱ्यापर्यंत वाढवलेली आहे. चिखलदरा डोंगरावर, तिथे रूळ कुठला? पण अंगात काळा कोट, हातात चार्ट. एक कुटुंब बडनेऱ्याला उतरायचं ते बसूनच राहिलं.

"नागपूर आलं तवा त्यातली बाई मले विचारते," ते तोंड सरळ ठेवून सांगायचे, "साहेब, स्वेटर कोन्या टेसनापासून घालावं?"

लोक हसत. कोपऱ्यात त्यांची पत्नी बसलेली असे. त्या शाळेत शिक्षिका होत्या, आम्ही त्यांना मॅडम म्हणायचो. त्या हसत नसत. हसणं थांबलं की म्हणत, "आणि नागपूरहून यांना आणायला मी गेले होते. पोरगी तेव्हा सात महिन्यांची." मग टीसीसाहेब विषय बदलायचे.

आमच्या गटात एक कागद होता, तो त्यांनीच काढलेला. माणूस बरा असताना त्याने तो स्वतःच्या हाताने भरायचा. माझं बिघडायला लागलं की पहिली खूण कोणती, कोणाला कळवायचं, मला काय बोलू नये, कशाने मी शांत होतो, आणि मी निघून गेलो तर कुठे शोधायचं. ते त्याला रिझर्वेशन फॉर्म म्हणत. "गाडीत चढल्यावर जागा भेटत नाई," ते म्हणायचे. "आधीच करून ठेवाव."

तो कागद मी छापखान्यात जुळवला. त्यांनी स्वतःचा माझ्यासमोर भरला. पहिली खूण, या चौकटीत लिहिलं, 'मी गाड्यांची वेळापत्रकं करायला लागतो.' कोणाला कळवायचं, या चौकटीत त्यांनी माझं नाव लिहिलं.

"मॅडमचं लिहा ना साहेब," मी म्हटलं.

"तिनं दोनदा मले दवाखान्यात टाकलं. तिसऱ्यांदा तिले नाई लावाचं. तू डॉक्टरले फोन करशीन. मी शिव्या देईन, त्या ऐकाच्या नाई."

मी बरं म्हटलं. तेव्हा ते सोपं वाटलं होतं.

सीमेपलीकडच्या लोकांशी आमची ओळख झाली ती अकोल्याच्या फलाटावर. रविवारची दुपार होती, मी अमरावतीला निघालो होतो. पाण्याच्या नळाजवळ गर्दी दिसली. चाळिशीतला एक माणूस गुडघ्यावर बसून खडूने फरशीवर गणितं मांडत होता आणि मोठमोठ्याने बोलत होता. आवाज बसलेला, ओठ फुटलेले. एका पोलिसाने त्याचा दंड धरला होता, तो झटका देत होता. भाषा हिंदीसारखी वाटत होती पण हिंदी नव्हती. मी टीसीसाहेबांना फोन लावला.

"पह्यले त्याचा हात सोडाले सांग," ते म्हणाले. "मी येतो."

दीड तासाने ते आले. स्टेशनवरचे सगळे त्यांना ओळखत, त्यामुळे पोलीस बाजूला झाला. त्यांनी त्या माणसापुढे तळहात केला. त्याने शर्टाच्या खिशातून एक प्लास्टिकमध्ये घातलेलं कार्ड काढून दिलं. त्यावर नेपाळमधल्या एका संस्थेचा फोन नंबर होता आणि खाली देवनागरीत दोन ओळी. 'मलाई नसमात्नुहोस्। मसँग गणितको कुरा गर्नुहोस्।' लिपी आपली, त्यामुळे वाचता आलं. अर्थ अर्धा कळला. मला पकडू नका, माझ्याशी गणिताचं बोला.

टीसीसाहेब गुडघे धरत फरशीवर बसले.

"अकोला से एक गाडी निकली, साठ की स्पीड," त्यांनी आपल्या हिंदीत सुरू केलं. "बडनेरा से दूसरी, पचास की. बीच में अस्सी किलोमीटर. कहाँ मिलेंगी?"

त्या माणसाने खडू उचलला. पहिल्यांदाच तो गप्प झाला. थोड्या वेळाने म्हणाला, "तैंतालीस मिनट बाद. अकोला से तैंतालीस किलोमीटर, थोडा ऊपर."

"मूर्तिजापूर के थोडा आगे. लेकिन गलत है."

"गलत कैसे?"

"मूर्तिजापूर में दो मिनट रुकती है. वो किसने पकडा?"

तो माणूस फरशीवर वाकला. मग पुसून पुन्हा मांडायला लागला. तशी सात-आठ गणितं झाली आणि मग तो आमच्याबरोबर रिक्षात बसून दवाखान्यात आला. तो गणिताचा शिक्षक होता, वीरगंजच्या बाजूचा. घरून निघून नऊ दिवस झाले होते.

कार्डावरच्या नंबरवर फोन लावला तो एका बाईंनी घेतला. त्या संस्थेचं काम बघायच्या. त्यांचा भाऊ या आजाराचा. त्यांना तिकडे सगळे दिदी म्हणत, मग आम्हीही म्हणू लागलो. दिदींनी मास्तरांच्या औषधांची नावं सांगितली, पण ती कंपन्यांची नावं होती आणि ती इकडे कोणत्याच दुकानात मिळेनात. शेवटी त्यांनी डॉक्टरांना विचारून आतल्या औषधाचं नाव कळवलं. पुढे दोन्ही बाजूंनी मिळून जे पहिलं काम केलं ते हेच, औषधांची मूळ नावं आणि दोन्हीकडची दुकानातली नावं असा एक तक्ता. तो मीच जुळवला.

पंधरा दिवसांनी मास्तरांना पोचवायला टीसीसाहेब, मॅडम आणि मी रक्सौलला गेलो. मला वाटलं होतं सीमेवर काही वेगळं असेल. कमान होती, टांगे, सायकलरिक्षा, पोती, ये-जा करणारी माणसं. दिदी पलीकडून चालत आल्या. बुटक्या, डोक्याला लोकरीचा रुमाल, हातात चहाचा थर्मास. टीसीसाहेबांनी त्यांच्यापुढे तळहात केला. त्यांनी त्यावर चहाचा पेला ठेवला.

"आमची हद्द भुसावळपर्यंत राहे," टीसीसाहेब म्हणाले. "त्याच्यापुढचा पॅसेंजर दुसऱ्या टीसीचा. नाव सांगून सोपून द्याचा."

दिदींना कळलं की नाही माहीत नाही. त्यांनी मान हलवली.

तेव्हापासून महिन्यातल्या एका रविवारी आमची मीटिंग संगणकावर व्हायची. अमरावती, अकोला, दिदींची संस्था आणि त्यांच्या ओळखीचा डोंगरातल्या एका गावचा गट. आम्ही त्यांच्याकडून खिशातलं कार्ड घेतलं, त्यांनी आमच्याकडून कागद घेतला. ज्याने लेखी परवानगी दिली त्याचा कागद दोन्हीकडे ठेवायचा, असं ठरलं. तो नेपाळीतही मीच जुळवला, शब्द न समजता, अक्षर बघून अक्षर. नेपाळचं घड्याळ आपल्यापुढे पंधरा मिनिटं असतं. आमचे पाच वाजले की त्यांचे सव्वापाच. टीसीसाहेबांनी आपलं मनगटी घड्याळच पंधरा मिनिटं पुढे केलं. "पाहुन्याच्या टाइमानं चालाव," म्हणाले. त्यामुळे ते सगळीकडेच आधी पोचायला लागले. मॅडम म्हणायच्या, "यांच्यामुळे मी कोणाच्याही घरी झाडलोट चालू असतानाच जाते."

पाच वर्षं असं चाललं. त्या काळात इकडून तिकडे गेलेले तीन जण सापडले, तिकडून इकडे आलेले दोन. एक सापडला नाही. त्याचा फोटो अजून आमच्या वर्गात आहे.

मग टीसीसाहेबांच्या रक्ततपासणीत किडनी बिघडल्याचं निघालं. लिथियम तीस-पस्तीस वर्षं घेतलं होतं. त्या गोळीनेच त्यांना उभं ठेवलं होतं आणि आता तीच बंद करावी लागली. डॉक्टरांनी दुसरं औषध दिलं. ते लागू पडायला वेळ लागणार होता.

पोळा होऊन आठवडा झाला असेल. छापखान्यात माझ्या नावाने एक पाकीट आलं. आत अकरा पानं, त्यांच्या अक्षरात. अकोला ते वीरगंज, आजारी माणसांसाठी खास गाडी. थांबे, वेळा, इंजिन कुठे बदलायचं, कोणत्या डब्यात कोणी बसायचं. दुसऱ्या दिवशी चाळीस पानं आली. सोबत चिठ्ठी, 'लौकर छाप. गाडी सुटते.'

मला कळलं होतं. पहिल्या पाकिटालाच कळलं होतं. फोन खिशात होता आणि डॉक्टरांचा नंबर पाठ होता. मी दोन दिवस काही केलं नाही. कामं केली. एका मंगल कार्यालयाचं माहितीपत्रक जुळवलं. संध्याकाळी घरी जाऊन जेवलो. का केलं नाही, हे मला पुढे बऱ्याच जणांनी विचारलं. मला दवाखान्यात नेलं तेव्हा भाऊ दाराशी कसा उभा होता ते मला आठवत होतं, आणि मला तिथे उभं राहायचं नव्हतं. इतकंच.

तिसऱ्या दिवशी सकाळी मॅडमचा फोन आला. "ते घरी नाहीत. कोट नेला आहे."

मग मी डॉक्टरांना फोन केला.

सहा दिवस काही कळलं नाही. टीसीसाहेबांना रेल्वेत कोणी अडवणार नव्हतं. आम्ही स्टेशनांना फोन करत होतो आणि लोक सांगत होते, हो, पाहिलं, बरे दिसत होते, चहा पिऊन गेले. मॅडम माझ्याशी नेहमीसारखंच बोलत होत्या. खरं तर तेच ऐकणं मला कठीण जायला हवं होतं. मला काही वाटत नव्हतं. मी डॉक्टरांना म्हटलं, माझ्या गोळ्यांमुळे असेल. ते म्हणाले, गोळ्यांमुळे असं इतकं होत नाही.

सातव्या दिवशी दिदींचा फोन आला. वीरगंजच्या बसअड्ड्यावर एक म्हातारा काळा कोट घालून बसमध्ये चढायचा आणि प्रत्येकापुढे हात करायचा. लोकांना वाटलं भीक मागतो. मग तो तिकीट मागतो आहे हे कळलं तेव्हा कोणीतरी त्याला ढकललं. कपाळ फुटलं. पण कोटाच्या खिशात कार्ड होतं आणि दिदींकडे त्यांचा कागद होता.

मॅडम आणि मी पुन्हा तिकडे गेलो. एका लहानशा दवाखान्यात ते खाटेवर होते, डोक्याला पट्टी. शेजारी स्टुलावर गणिताचे मास्तर बसले होते. तीन दिवस ते तिथून हलले नव्हते, दिदी म्हणाल्या. मास्तरांच्या मांडीवर टीसीसाहेबांनी सोबत नेलेल्या वेळापत्रकाची पानं होती आणि ते लाल पेनाने त्यातल्या वेळा तपासत होते. टीसीसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं.

"आला का?" ते म्हणाले. "गाडी गेली तुयी."

मॅडम खाटेच्या कडेला बसल्या आणि त्यांनी त्यांच्या पायातले मोजे नीट केले. मी दारात उभा होतो. कोणीतरी मला स्टूल दिलं.

घरी आल्यावर ते खाली गेले. खूप खाली. खुर्चीत बसून असत. मी रविवारी जायचो, ते माझ्याकडे बघायचेही नाहीत. रागाने नव्हे, त्यांना कोणाकडेच बघवत नव्हतं. रोज पाच वाजता दिदींचा फोन यायचा. मॅडम तो टेबलावर ठेवायच्या. दिदी खिडकीतून काय दिसतं ते सांगायच्या, पाऊस आहे, शेजारणीने मुळे वाळत घातले आहेत, आणि पाच मिनिटांनी ठेवायच्या. मास्तर रोज मोबाइलवर एक गणित पाठवायचे. टीसीसाहेब ते बघत नसत. ते मॅडम वहीत सोडवायच्या आणि उत्तर त्यांच्या नावाने पाठवायच्या.

दोन महिन्यांनी एका संध्याकाळी मॅडम गणित मोठ्याने वाचत होत्या. चांदूरबाजारहून ताशी नव्वदने निघालेली गाडी, असं काहीतरी.

"त्या लाइनीवर नव्वदनं कोन चालवते?" खुर्चीतून आवाज आला.

मॅडमनी वही खाली ठेवली नाही. "मग किती धरू?"

"साठ धर."

त्यांनी साठ धरलं.

हळूहळू ते वर्गात यायला लागले. पहिल्याच दिवशी त्यांनी नवा कोरा कागद मागितला आणि कोपऱ्यात बसून भरला. मी दूरच बसलो होतो. तो संगणकावर घ्यायचा म्हणून त्यांनी माझ्याकडे दिला आणि बाहेर पाणी प्यायला गेले. कोणाला कळवायचं, या चौकटीत माझंच नाव होतं. पुढे बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'हा उशीर करते. तरी हाच.'

मी ते तसंच जुळवलं. नेपाळी प्रतीतही घातलं. दिदींकडून भाषांतर मागवलं, ते त्यांनी त्याच दिवशी पाठवलं.

त्यावर आम्ही कधीच बोललो नाही. मी माफी मागितली नाही. पुढे वेळही फारसा नव्हता. किडनी पूर्ण गेली आणि आठवड्यातून तीनदा डायलिसिस सुरू झालं. गेल्या हिवाळ्यात ते गेले. सकाळची वेळ होती, मॅडम जवळ होत्या, मी छापखान्यात होतो. मला रडू आलं नाही. अजूनही आलेलं नाही. त्या महिन्याची मीटिंग ठरल्या वेळी झाली. अमरावतीच्या चौकोनात मॅडम एकट्या होत्या. त्यांनी गटाची माहिती दिली, दोन नवे आले, एकाला भरती केलं, एक घरी गेला. मग दिदींनी डोंगरातल्या गटाला बोलायला सांगितलं.

ते जायच्या चार दिवस आधी मी त्यांना शेवटचं पाहिलं. दुपार होती. मास्तर त्यांना भेटायला वीरगंजहून एकटेच आले होते, तीन गाड्या बदलून, आणि मी त्यांना स्टेशनवरून घेऊन दवाखान्यात गेलो होतो. वाटेत मास्तरांनी हातगाडीवरून संत्री घेतली. या भागात आलेला माणूस संत्री घेतोच, पण किडनीच्या माणसाला ती चालत नाहीत हे त्यांना माहीत नव्हतं आणि मला सांगायचं सुचलं नाही.

टीसीसाहेबांच्या एका हाताला नळ्या होत्या. दुसऱ्या हाताने त्यांनी संत्रं घेतलं, फिरवून पाहिलं, नाकाशी धरलं.

"मोर्शीकडचं हाय," ते म्हणाले. "सोल."

"साहेब, तुम्हाला चालत नाही," मी म्हटलं.

"मले नाई. तुमाले."

मी सोललं. त्यांनी अर्धं मास्तरांना द्यायला लावलं, अर्धं मला. आम्ही दोघं खाटेच्या दोन बाजूंना उभे राहून खात होतो आणि ते आमच्या तोंडांकडे बघत होते, एकदा इकडे, एकदा तिकडे.

"गोड हाय का?"

"गोड आहे," मी म्हटलं.

त्यांनी मास्तरांकडे पाहिलं.

"अमिलो छ," मास्तर म्हणाले. आंबट आहे.

टीसीसाहेबांनी मान हलवली. सालं मागून घेतली. नर्स म्हणाली, बाबा, ते खायचं नाही. ते म्हणाले, "वास घ्याले बंदी हाय का?" त्यांनी सालं गालाखाली, उशीवर ठेवली आणि डोळे मिटले. मास्तर घड्याळ बघून हलक्या आवाजात म्हणाले, आता निघायला हवं. आम्ही उरलेल्या फोडी खाऊन संपवल्या आणि निघालो.